वेळापत्रकाबाहेरचा पाठ

आपल्या धर्मग्रामांतून परदेशी सेवेला जाणाऱ्या माणसांची परंपरा जुनी आहे. पूर्वी जात ते धर्मगुरू आणि व्रतस्थ भगिनी, आणि ते जात ते बहुधा आयुष्यभरासाठी. अलीकडे प्रापंचिक माणसेही जाऊ लागली आहेत. कुणी निवृत्तीनंतर, कुणी शिक्षण संपल्यावर नोकरी धरण्यापूर्वी, तीन महिने, सहा महिने, फार तर वर्षभर. रविवारच्या मिस्सानंतर त्यांना आशीर्वाद देऊन निरोप दिला जातो आणि ती परतली की एखाद्या संध्याकाळी सभागृहात त्यांचे अनुभवकथन होते. अशी अनुभवकथने आम्ही उभयतांनी पुष्कळ ऐकली आहेत आणि एकदा स्वतः केलेही आहे. त्यांत एक गोष्ट हटकून आढळते. वक्ता ज्या कामासाठी गेलेला असतो त्याविषयी तो थोडक्यात आटोपते घेतो, आणि ज्याचा आधी विचारही केलेला नव्हता त्याविषयी भरभरून बोलतो. संगणक शिकवायला गेलेला तरुण सांगतो ते एका आजीबाईंना औषधाच्या पुडीवरची सूचना समजावून दिल्याचे. दवाखान्यात काम करायला गेलेली परिचारिका सांगते ते चुलीपाशी बसून बायकांना साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण दाखवल्याचे.

मग श्रोत्यांपैकी कुणीतरी समाधानाने म्हणते, की देवाची योजना वेगळी होती. हे वाक्य श्रद्धेचे आहे आणि आम्हीही ते श्रद्धेने उच्चारतो. पण ते फार लवकर उच्चारले जाते, अशी आमची तक्रार आहे. हजारो मैलांचा प्रवास, पाठवणाऱ्या संस्थेचा खर्च, यजमानांनी आपली गैरसोय सोसून केलेली सोय, हे सारे एका ठरवलेल्या कामासाठी असते. ते काम धड तडीस गेले नाही आणि वाटेत दुसरेच काही घडले, तर त्या दुसऱ्या गोष्टीला आपल्या जाण्याचे प्रयोजन म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? की मनाने स्वतःची घातलेली समजूत, एवढेच त्याचे स्वरूप आहे? प्रश्न नुसत्या समाधानाचा असता तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. पण परदेशी सेवेत समोर दुसरी माणसे असतात, बहुधा आपल्याहून गरीब, आणि आपल्या प्रयोजनाच्या शोधाची किंमत त्यांनाही मोजावी लागते.

ह्या प्रश्नाला सर्वांत कठोर उत्तर एका धर्मगुरूनेच दिलेले आहे. इव्हान इलिच ह्यांचा जन्म १९२६ सालचा, व्हिएन्नाचा. १९६१ साली त्यांनी मेक्सिकोतील क्वेर्नावाका ह्या गावी एक केंद्र काढले, आणि लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना व स्वयंसेवकांना तेथे स्पॅनिश भाषा शिकवली जाऊ लागली. तो काळच परदेशी सेवेच्या लाटेचा होता. त्याच १९६१ साली अध्यक्ष केनेडी ह्यांनी पीस कोअरची स्थापना केली आणि ऑगस्टअखेरीस तिचे पहिले स्वयंसेवक शिक्षक म्हणून घानात उतरले. त्याच वर्षी पोप तेविसावे जॉन ह्यांच्या वतीने उत्तर अमेरिकेतील व्रतस्थ संघांना आवाहन करण्यात आले, की दहा वर्षांत आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा लॅटिन अमेरिकेच्या सेवेला द्यावा. एवढी माणसे एवढ्या उत्साहाने येऊ लागली म्हणताच इलिच अस्वस्थ झाले. एप्रिल १९६८ मध्ये, मेक्सिकोच्या खेड्यांत सुट्टी घालवून सेवा करणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेपुढे त्यांनी केलेले भाषण आजही वाचणाऱ्याला झोंबते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: तुम्हाला कुणी बोलावलेले नाही. ज्यांच्यासाठी आलात त्यांच्याशी तुम्हाला बोलताही येत नाही. सेवा करायचीच असेल तर आपल्याच शहरातल्या गरिबांची करा. तुम्ही त्यांना नको असाल तर निदान ते तसे तोंडावर सांगू शकतील. मेक्सिकोत या, ते पाहायला, डोंगर चढायला, अभ्यास करायला या. मदत करायला मात्र येऊ नका.

इलिच ह्यांचे म्हणणे आम्हाला अर्धेच पटते, पण जे अर्धे पटते ते पुरते पटते. न मागता केलेल्या उपकारात एक प्रकारची सत्ता दडलेली असते. घरी आलेला पाहुणा आल्याआल्या आपली भांडी कशी लावावीत हे सांगू लागला, तर तो कितीही मायेने सांगत असला तरी यजमानीणबाईंना कसे वाटेल, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. गरिबाच्या घरी मात्र हेच आपण निःशंकपणे करतो. गंमत अशी, की ह्याच इलिच ह्यांनी पुढे तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, शाळेच्या चौकटीवर टीका करणारे ‘डीस्कूलिंग सोसायटी’ हे पुस्तक लिहिले आणि त्यात मांडले, की माणूस जे शिकतो त्यातले बहुतेक कुणी ठरवून शिकवल्याने शिकत नाही; सहज, जाता-येता, दुसरे काही करताना शिकतो. ज्यांनी ठरवून शिकवायला येणाऱ्यांसाठी दार लावून घेतले, त्यांनीच सहज शिकण्यासाठी अशी एक खिडकी उघडी ठेवली. ह्या खिडकीतून डोकावण्यासारखे काही आम्हाला एका ठिकाणी दिसले, ते सांगतो.

२०२३ सालच्या सप्टेंबरपासून तीन महिने आम्ही उत्तर युगांडातील अजुमानी जिल्ह्यात, दक्षिण सुदानच्या निर्वासितांच्या एका वस्तीत होतो. आमच्यापैकी एकाची हयात मुंबईच्या शाळांतून गणित शिकवण्यात गेली, दुसरीची मराठी आणि इंग्रजी. दक्षिण सुदान २०११ च्या जुलैत स्वतंत्र झाला, २०१३ च्या डिसेंबरात तेथे यादवी पेटली आणि २०१६ च्या जुलैत जुबा ह्या राजधानीत पुन्हा लढाई जुंपल्यावर माणसांचे लोंढे दक्षिणेकडे सीमा ओलांडून आले. आफ्रिकेत सर्वांत अधिक निर्वासितांना आसरा देणारा देश युगांडा आहे. आम्ही गेलो त्या वर्षी त्यांची संख्या १५ लाखांच्या वर होती. तारेच्या कुंपणात कोंडण्याऐवजी त्यांना जमिनीचा लहानसा तुकडा दिला जातो, झोपडी बांधू दिली जाते, काम करू दिले जाते. आपल्याकडे निर्वासित म्हटले की तंबूंच्या रांगा डोळ्यांसमोर येतात; तेथे मातीच्या भिंती, गवताचे छप्पर, आंब्याची झाडे आणि दारापुढे शेंगदाणे किंवा ज्वारी असे चित्र असते. पहिल्या दिवशी आम्हाला पालघरकडच्या एखाद्या पाड्यावर आल्यासारखे वाटले.

आमचे काम ठरलेले होते. प्राथमिक शाळेतील शिक्षकांना इंग्रजी वाचन आणि अंकगणित शिकवण्याच्या काही पद्धती दाखवायच्या, आठवड्यातून चार दुपारी, दोन-दोन तास. वेळापत्रक छापील होते. पण तेथील शिक्षक एकेका वर्गात शंभरावर मुले सांभाळत, आणि शाळा सुटली की त्यांना शेताच्या तुकड्यावर जायचे असे, कारण पगारात घर भागत नव्हते. ऑक्टोबरच्या पावसात तण काढायचे राहिले तर पीक गेले. शिधावाटपाच्या दिवशी शाळेत ना मुले ना शिक्षक. चार दुपारींच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. हा कुणाचा दोष नव्हता. मोकळ्या वेळात मग आम्ही पाणवठ्यावर जाऊन बसू लागलो, कारण सारी वस्ती तेथे येत असे.

तो पाणवठा म्हणजे एक हापसा. त्याच्यापुढे वीस लिटरच्या पिवळ्या कॅनची लांबच लांब रांग आणि रांगेच्या कडेने बायका व मुली. त्या हापशाकडे पाहताच ओळख पटली. आपल्या खेड्याखेड्यांत असतो तोच तो, ‘इंडिया मार्क-२’. युगांडात ह्याच बनावटीच्या पंपाला यू-२ म्हणतात. त्याचे मूळ आपल्या सोलापुरात आहे. महाराष्ट्रात विंधनविहिरी झपाट्याने खोदल्या जात होत्या त्या काळात बाजारात मिळणारे बिडाचे पंप एका घराच्या वापरासाठी घडवलेले असत. गावाने हापसायला घेतले की लवकरच मोडत. मिशनच्या कारखान्यांतून आणि सोलापूरच्या मिस्त्रीकामातून अधिक दणकट पंप निघाला, आणि त्यावर सुधारणा करीत १९७०च्या दशकात इंडिया मार्क-२ तयार झाला. युगांडातल्या त्या हापशाची देखभाल एक मध्यमवयीन बाई करीत असत. हातात पाना घेऊन त्या दर काही दिवसांनी नटबोल्ट आवळीत. पंपाच्या आत साखळी कशी चालते, पाणी कमी येऊ लागले तर आधी काय तपासायचे, हे त्यांनी आम्हाला दाखवले. आपल्या राज्यात जन्मलेल्या यंत्राचे पोट आम्ही आयुष्यात प्रथम पाहिले ते आफ्रिकेत, आणि दाखवणाऱ्या बाई दक्षिण सुदानच्या.

निधी आटत चालल्यामुळे निर्वासितांचा शिधा २०२० साली तीस टक्क्यांनी घटवण्यात आला होता, २०२१ मध्ये तो पूर्ण शिध्याच्या साठ टक्क्यांवर आला. २०२३ च्या जुलैपासून कुटुंबांचे वर्ग पाडण्यात आले. अत्यंत गरजूंना साठ टक्के, बहुसंख्यांना तीस टक्के आणि काहींना काहीच नाही. वाटपाच्या जागी हे आकडे लावलेले होते. आकडे सर्वांनी पाहिले होते. त्यांचा अर्थ सर्वांना कळला होता असे मात्र नाही. एके सकाळी रांगेतली बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आमच्याजवळ आली आणि मातीत बोटाने एक खूण काढून तिने विचारले, की मॅडम, दोन वाटोळी आणि मधे तिरकी रेघ म्हणजे काय? शाळेत ती पाचवीत होती. टक्केवारीचा धडा पुढच्या वर्गात होता.

टक्केवारी आम्ही आमच्या नोकरीत कितीदा शिकवली असेल ह्याची गणती नाही. नफा-तोटा, सरळव्याज, परीक्षेतले गुण. पण इथे फळा नव्हता. रांगेतल्या एका आजीबाईंच्या ओच्यात मक्याचे दाणे होते, ते त्यांनी पुढे केले. एका ओढणीवर मुलीने दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या. शंभर झाले. त्यातले सत्तर आम्ही बाजूला सारायला सांगितले. तीन ओळी उरल्या. ती पाहत राहिली. मग आम्ही हिशेब पुढे नेला. दिवसाला ४०० ग्रॅम धरले तर माणशी महिन्याचे पूर्ण धान्य १२ किलो. त्याचे तीस टक्के किती? तिने वेळ घेतला, पुसून पुन्हा केले, आणि तीन किलो सहाशे ग्रॅम असे उत्तर काढले. त्याला तीस दिवसांनी भागून दिवसाचे १२० ग्रॅम काढले ते तिने आपणहून. आम्ही सांगितले नव्हते. तोपर्यंत आठ-दहा बायका भोवती गोळा झाल्या होत्या. मुलीने तोच पाठ त्यांच्या बोलीत पुन्हा केला, आमच्यापेक्षा कमी शब्दांत. पाठ संपल्यावर आजीबाईंनी सारलेले सत्तर आणि उरलेले तीस असे सारे दाणे एकेक करून वेचून ओच्यात परत घेतले.

हा पाठ झाला म्हणून कुणाच्या पातेल्यात मूठभर धान्य अधिक पडले नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. आमच्यापैकी गणिताच्या शिक्षकाला त्या रात्री झोप आली नाही. उपाशी माणसाला त्याच्या भुकेचे मोजमाप शिकवणे ह्याला सेवा म्हणावे काय, असा त्याचा सवाल होता. त्याला उत्तर दुसऱ्या दिवशी त्या पाना हाताळणाऱ्या बाईंनी दिले, तेही प्रश्न न विचारता. त्या म्हणाल्या, की आता वस्तीच्या बैठकीत बोलताना ‘थोडे मिळते’ असे आम्ही म्हणणार नाही, ‘एकशेवीस ग्रॅम मिळते’ असे म्हणू. ‘थोडे’ ह्या शब्दाला कुणीही मान डोलावतो आणि पुढे जातो. आकड्यापाशी थांबावे लागते. ह्यापलीकडे त्या पाठाची थोरवी सांगण्याची आमची इच्छा नाही.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. त्या सकाळला आम्ही आमच्या जाण्याचे प्रयोजन म्हणावे काय? अनुभवकथनाच्या संध्याकाळी तसे म्हणणे सोपे होते, आणि श्रोत्यांना ते आवडलेही असते. पण त्यात एक धोका आहे. ती मुलगी आमच्या निवृत्त आयुष्याला अर्थ पुरवण्यासाठी त्या रांगेत उभी नव्हती. ती पाण्यासाठी उभी होती. तिचे अज्ञान हा आमच्या समाधानाचा कच्चा माल ठरला, तर मग इलिच ह्यांनी विद्यार्थ्यांना जे सुनावले तेच आम्हालाही लागू पडते. त्या क्षणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे. प्रश्न तिचा होता. विषय तिच्या घराचा होता. दाणे दुसऱ्या एका बाईंचे होते, आणि शेवटचा भागाकार तिने स्वतः योजला. ह्या सगळ्यात आमचा वाटा मधल्या दोन पायऱ्यांचा. प्रयोजन कुणाचे म्हणायचे असेल तर ते तिचे. आम्ही तिच्या प्रयोजनाला त्या दिवशी उपयोगी पडलो. इतके म्हणणे खरे आहे, आणि आम्हाला पुरेसे वाटते. ठरवलेल्या धड्यात आणि ह्या पाठात फरक आहे तो इथे. वेळापत्रकातला धडा आम्ही मुंबईहून बांधून नेला होता. तेथे प्रश्नही आमचा आणि उत्तरही आमचे. पाणवठ्यावर आम्हाला विचारले गेले. निमंत्रण नाही हा इलिच ह्यांचा मुख्य आक्षेप. तो त्या प्रश्नाने तेवढ्यापुरता दूर झाला.

संत योहानच्या शुभवर्तमानातील याकोबाची विहीर ह्या संदर्भात आम्हाला नव्याने आठवते. प्रभू येशू परक्या मुलखात आहेत, वाटचालीने थकलेले आहेत, आणि त्या शोमरोनी स्त्रीशी त्यांचे संभाषण सुरू होते ते पाणी मागण्याने. देण्याची गोष्ट नंतर येते. तिथे ठरवलेले काहीच नाही. शिष्य तर अन्न आणायला गावात गेलेले आहेत. ह्या प्रसंगावर आजवर ऐकलेल्या बहुतेक प्रवचनांत जिवंत पाण्यावर भर असतो आणि ते योग्यच आहे. पण आधी मागितलेल्या साध्या पाण्यावर कुणी फारसे थांबत नाही.

इथपर्यंत आलेला वाचक कदाचित म्हणेल, की मग योजना कशाला हव्यात? जावे, पाणवठ्यावर बसावे, कुणी विचारील तेव्हा सांगावे. हे आम्हाला मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारणही त्याच वस्तीत आहे. जी मुलगी जवळ आली ती धीट होती. तिच्या मागे रांगेत तिच्याच वयाच्या दुसऱ्या मुली होत्या, पाठीवर धाकटे भावंड बांधलेल्या. त्यांनी मान वर करून पाहिलेही नाही. काही तर पाण्यालाही येत नसत, कारण घरी आजारी माणूस असे. सहज घडणारा पाठ जो जवळ येतो त्याच्या वाट्याला जातो. जो जवळ येत नाही, येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायला शाळा लागते, हजेरीपट लागतो, पगारी शिक्षक लागतो आणि कंटाळवाणे वेळापत्रकही लागते. इलिच ह्यांच्याशी आमचे जमत नाही ते इथे. शाळेच्या चौकटीला नावे ठेवणे शाळा शिकलेल्याला परवडते.

सहज आणि योजना ह्यांची गाठ कशी पडू शकते, ह्याचे एक उदाहरण फिलिपिन्समध्ये घडलेले आहे. फ्रँक लाउबाख हे अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी १९१५ साली त्या देशात गेले आणि १९२९ मध्ये मिंडानाओ बेटावरच्या लानाओ सरोवराकाठी, मारानाओ मुसलमानांच्या मुलखात, दान्सालान येथे राहू लागले. आजचे मारावी शहर ते हेच. आरंभी त्यांना कुणी जवळ करीना. गावामागच्या टेकडीवर एका संध्याकाळी प्रार्थना करीत असता, आपण ह्या लोकांना मनातून कमी लेखतो आहोत असे त्यांना जाणवले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मग ते तेथील धर्मपंडितांकडे गेले आणि तुमचे कुराण मला शिकवा असे म्हणाले. शिकवायला आलेला माणूस शिकू लागला तेव्हा माणसे त्याच्याभोवती जमली. मारानाओ भाषेला सुटसुटीत लिपी बसवून त्यांनी साक्षरतेचे तक्ते केले, पगारी शिक्षक नेमले, काम वाढले. तेवढ्यात अमेरिकेत मंदी आली आणि पैसा थांबला. शिक्षकांना पगार देता येत नाही, आता वर्ग बंद करावे लागतील, असे त्यांनी जमलेल्या सरदारांना सांगितले. तेव्हा काकाई दागालांगान नावाचा एक सरदार उठला आणि त्याने फर्मान काढले, की जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे. न शिकवील त्याला ठार करीन. कुणाला ठार करण्याची वेळ आली नाही. ‘ईच वन टीच वन’ म्हणून जगभर गेलेली पद्धत ती हीच. पुढे ती घेऊन लाउबाख भारतातही आले.

ह्या हकिगतीतले धमकीचे अंग सोडून द्यावे. सरदारी भाषाच तशी. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की योजना मोडल्यावर जे सुचले ते मिशनऱ्याला सुचले नाही. ते तेथल्या माणसाला सुचले, आणि ज्या क्षणी ते त्याला सुचले त्या क्षणी काम त्याचे झाले. पाहुण्याचे श्रेय एवढेच, की तो तक्ते घेऊन तयार होता आणि दुसऱ्याची कल्पना आपल्या योजनेहून चांगली आहे हे ओळखण्याइतका नम्र होता. आपल्या मराठीत ‘शिकवणे’ हे क्रियापद ‘शिकणे’ ह्याचेच प्रयोजक रूप आहे. दुसऱ्याकडून शिकण्याची क्रिया करवणे. कर्ता कोण, हे भाषेने आधीच सांगून ठेवले आहे.

तयारीचा मुद्दा निघाला तेव्हा फादर स्टीफन्स ह्यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. तरी एक गोष्ट ह्या विषयासाठी सांगण्याजोगी आहे. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच तो ग्रंथ का लिहिला गेला त्याची कथा येते. साष्टीतील एका देवळात रविवारी फादर मुलांना धर्मशिक्षण देत असताना, नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण तेथे येतो आणि विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला तसेच काही का देत नाही? हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या पाठात बसणारा नव्हता. मुलांचा वर्ग चालू होता. पाद्रीबुवा त्याला नंतर या म्हणू शकले असते. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या गेल्या आणि १६१६ साली रायतूर येथे त्या छापून निघाल्या. त्या प्रश्नात एक तक्रारही आहे, हे विसरू नये. तुम्ही घेतले आहे, आता द्या, असे तो माणूस म्हणतो आहे. फादर स्टीफन्स ह्यांनी ती तक्रार रास्त मानली, ह्यात त्यांचा मोठेपणा आम्हाला ओव्यांइतकाच वाटतो.

पण त्यांचा गोव्यातला प्रवेश २४ ऑक्टोबर १५७९ चा. ग्रंथ छापून येईपर्यंत सदतीस वर्षे गेली. इंग्लंडात जन्मलेल्या ह्या माणसाने त्या वर्षांत मराठी आणि कोकणी अशी आत्मसात केली होती, की आकस्मिक प्रश्न आला तेव्हा उत्तर देण्याइतकी भाषा त्यांच्याजवळ होती. प्रश्न अकल्पित होता. उत्तरामागची तयारी अकल्पित नव्हती. तीन महिन्यांसाठी जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी ह्या मापाशी स्वतःला लावून पाहण्यात अर्थ नाही, आणि आमच्या टक्केवारीच्या पाठाला ख्रिस्तपुराणाच्या पंगतीला बसवण्याचा वेडेपणा आम्ही करीत नाही. तरी प्रमाण सोडले तर प्रकार तोच आहे. त्या सकाळी टक्केवारी फळ्यावाचून, दाण्यांनी, थोडक्यात सांगता आली ती तिच्यामागे वर्गातली पस्तीस वर्षे होती म्हणून. ज्या तरुणाने अजून कुठलेच काम पुरते शिकलेले नाही, त्याला अनपेक्षित क्षण भेटतात, पण तो त्यांच्यापुढे हात हलवीत उभा राहतो. सेवेला लवकर जाण्याची घाई करणाऱ्या मुलामुलींना आम्ही हे सांगतो तेव्हा त्यांना ते फारसे रुचत नाही.

आमच्याजवळ नव्हती ती भाषा. वस्तीत दिनका, कुकू, मादी, अचोली अशा अनेक बोली चालत आणि सर्वांना जोडणारी जुबा अरबी. आमचे सारे बोलणे इंग्रजीतून, म्हणजे शाळेत गेलेल्या मुलांमार्फत आणि मोजक्या मोठ्यांशी. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला इंग्रजी येत होते, हा काही योगायोग नव्हे. ज्यांना येत नव्हते त्यांच्या मनात त्याच रांगेत कोणते प्रश्न होते ते आम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता. भावंड पाठीवर घेतलेल्या त्या मुलींचे म्हणणे आम्ही म्हणूनच इथे लिहू शकत नाही.

परतल्यावर पाठवणाऱ्या संस्थेला अहवाल द्यायचा असतो. छापील तक्त्यात रकाने होते: घेतलेली सत्रे, उपस्थित शिक्षक, वापरलेले साहित्य. ते आम्ही जसे होते तसे भरले. आकडे लहान होते. शेवटी ‘इतर’ असा एक अरुंद रकाना होता. त्यात हापशाचा प्रसंग मावेना, म्हणून वेगळा कागद जोडला आणि त्यावर दोन सूचना केल्या. पहिली, पुढच्या माणसांनी शिक्षकांचे वर्ग पेरणी-निंदणीचे महिने टाळून ठेवावेत, म्हणजे छापलेले वेळापत्रक पाळले तरी जाईल. दुसरी, कामाला लागण्यापूर्वी त्यांना महिनाभर जुबा अरबी शिकवली जावी, आणि शिकवणारी व्यक्ती वस्तीतलीच, मानधन देऊन नेमलेली असावी. पहिली सूचना संस्थेने लगेच स्वीकारली. दुसरीवर पत्रव्यवहार बराच झाला; खर्चाचा प्रश्न होता. अखेर महिन्याऐवजी दोन आठवडे मान्य झाले आहेत.